स्नायू किती, ताकद किती, काम किती? वय आणि स्नायूंबद्दल तीन वेगळे प्रश्न



पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करताना 'वार्धक्य आणि स्नायू' हा विषय अनेकांना सोपा वाटतो. वय वाढतं, स्नायू झिजतात, म्हणून ताकद जाते, म्हणून हालचाल मंदावते आणि माणूस पडतो. एक सरळ रेघ. इंटरव्ह्यूमध्येही बहुतेक जण हेच उत्तर देतात आणि समोरचे प्राध्यापक पुढचा प्रश्न विचारतात: "बरं, मग तुम्ही मोजणार काय?" इथे गाडी अडते.

कारण स्नायूंचं वस्तुमान, स्नायूंची ताकद आणि त्या ताकदीने होणारं रोजचं काम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत, पण एकत्र आणि एकाच वेगाने घटत नाहीत. यातली एक मोजून दुसरीबद्दल निष्कर्ष काढला, तर अख्खा अभ्यास भरकटू शकतो. आजच्या लेखात हा फरक समजून घेऊ. त्यासाठी लांब जायची गरज नाही, पुणे आणि देवनार पुरेत.

आधी शब्द

शाळेत आपण ज्यांना ऐच्छिक किंवा पट्टकी स्नायू म्हणून शिकलो, ते हाडांना जोडलेले स्नायू हा आजचा विषय. वयानुसार हे स्नायू कमी होण्याला 'सारकोपेनिया' म्हणतात. ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. हा शब्द अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी सुचवला. लक्षात घ्या, शब्दात फक्त 'मांस कमी' एवढंच आहे, ताकदीचा उल्लेख नाही. पुढची बरीच वर्षं संशोधकही मुख्यतः स्नायू किती उरला हेच मोजत राहिले.

मग दीर्घकालीन अभ्यासांचे आकडे येऊ लागले. अमेरिकेतल्या 'हेल्थ एबीसी' अभ्यासात सत्तरीतल्या स्त्री-पुरुषांना ३ वर्षांच्या अंतराने तपासलं गेलं. २००६ मध्ये आलेल्या या पेपरमध्ये पायाची ताकद घटण्याचा वेग स्नायू घटण्याच्या वेगाच्या साधारण तिप्पट निघाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्यांचं स्नायूंचं वस्तुमान टिकलं किंवा थोडं वाढलं, त्यांचीही ताकद कमी झालीच. म्हणजे 'स्नायू गेले म्हणून ताकद गेली' हे वाक्य अर्धंच खरं आहे. २००८ मध्ये क्लार्क आणि मनिनी यांनी वयानुसार ताकद जाण्याला 'डायनापेनिया' असं वेगळं नावच दिलं.

युरोपीय तज्ज्ञगटाने २०१०ची आपली व्याख्या २०१८ मध्ये बदलली, तीही याच कारणाने. नव्या व्याख्येत आधी ताकद बघायची. ती कमी असेल तर 'सारकोपेनिया संभवतो'. स्नायूही कमी किंवा निकृष्ट असतील तर 'निश्चित'. त्यात चालण्यासारखी कामंही मंदावली असतील तर 'तीव्र'. तिन्ही गोष्टी व्याख्येत आहेत, पण प्रत्येकीची जागा वेगळी आहे.

ताकद आधी का जाते?

स्नायू म्हणजे मांसाचा नुसता गोळा नव्हे. मेंदूकडून निघालेला आदेश मज्जारज्जूतल्या चेतापेशीमार्फत स्नायूपर्यंत पोचतो. एक चेतापेशी आणि ती चालवते ते सगळे स्नायुतंतू मिळून एक 'मोटर युनिट' होतं. वय वाढतं तशा यातल्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. शेजारच्या चेतापेशी नव्या फांद्या फोडून त्यातले काही तंतू दत्तक घेतात, उरलेले झिजून जातात. दत्तक गेलेले तंतू जिवंत राहतात, वजनातही धरले जातात, पण त्यांच्यावरचं नियंत्रण पूर्वीइतकं बारीक राहत नाही.

फटका जास्त बसतो तो जलद आकुंचन पावणाऱ्या, म्हणजे टाइप २ तंतूंना. लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये स्वीडनमध्ये १५ ते ८३ वर्षं वयाच्या ४३ मृत पुरुषांचा मांडीचा एक अख्खा स्नायू तपासला होता. विशी ते ऐंशी या टप्प्यात त्या स्नायूचं क्षेत्रफळ साधारण ४० टक्क्यांनी कमी दिसलं. त्यात तंतूंची संख्या घटणं हे मुख्य कारण होतं आणि टाइप २ तंतूंचं बारीक होणं हे दुसरं.

टाइप २ तंतू गेल्याने काय बिघडतं? ठेच लागल्यावर तोल सावरायला पाय झटकन पुढे टाकावा लागतो. तिथे नुसती ताकद पुरत नाही, ताकद आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे भौतिकशास्त्रातली 'शक्ती' लागते. ही शक्ती ताकदीपेक्षाही लवकर उतरते. म्हणून हळूहळू चालताना ठीक वाटणारी व्यक्ती फुटपाथच्या उखडलेल्या लादीवर पडते.

याखेरीज स्नायूंच्या आत चरबी शिरते, दुरुस्ती करणाऱ्या उपग्रह पेशी कमी पडतात, मायटोकॉन्ड्रियाची क्षमता घटते. जेवणातल्या प्रथिनांमुळे तरुण शरीरात जेवढे नवे स्नायुप्रथिन बनते, तेवढ्याच प्रथिनांनी वयस्कर शरीरात कमी बनते. याला 'ॲनाबॉलिक रेझिस्टन्स' म्हणतात. आणि हे सगळं संथपणेच होतं असंही नाही. २००७च्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी लोकांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतून जवळपास १ किलो चरबीविरहित ऊती कमी झाली. आजारपणानंतर 'आजी तेव्हापासून खचल्या' असं आपण म्हणतो, त्यामागे हेही असतं.

एक वेगळेपण इथेच नोंदवून ठेवा. कर्करोगासारख्या आजारात वजन आणि स्नायू झपाट्याने उतरतात, त्याला 'कॅशेक्सिया' म्हणतात. आमच्या खारघरला ॲक्ट्रेक असल्याने हा शब्द इथल्या विद्यार्थ्यांच्या कानावर असतो. त्यात आजारामुळे होणारा दाह आणि चयापचयातला बिघाड मुख्य असतो. सारकोपेनिया आणि कॅशेक्सिया एकाच रुग्णात असू शकतात, पण प्रपोजलमध्ये एकाच्या जागी दुसरा शब्द वापरू नका.

पुण्याचा धडा: वजनकाटा काय सांगत नाही

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांवरून हा 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणून ओळखला जातो. एकाच बीएमआयच्या दोन माणसांत एकाकडे चरबी जास्त असेल, तर त्याच्याकडे स्नायूंसह बाकीची ऊती कमी असणार, हा साधा हिशेब आहे.

हा फरक कुठून येतो? पुण्याजवळच्या ६ गावांत १९९३ मध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाला. तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी केली गेली. पुण्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. दंडाचा घेर बराच कमी होता, पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. याला 'थिन-फॅट' बाळ म्हणतात: दिसायला बारीक, पण चरबीचं प्रमाण राखलेलं आणि स्नायूंत कमी.

तुम्ही म्हणाल, विषय म्हातारपणाचा आणि हा जन्मावर कुठे गेला! पण म्हातारपणी उरलेली ताकद दोन गोष्टींवर ठरते: तरुणपणी किती कमावली होती आणि नंतर किती वेगाने गेली. बँकेतल्या ठेवीसारखंच आहे. दरमहा सारखीच रक्कम काढली, तरी ज्याची मूळ ठेव कमी त्याचं खातं आधी रिकामं होतं. इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधल्या अभ्यासात जन्माच्या वजनाचा आणि उतारवयातल्या मुठीच्या ताकदीचा संबंध दिसला आहे. त्यामुळे 'थिन-फॅट' शरीर घेऊन साठी गाठणाऱ्या पिढीत काय होईल, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे.

समजा, ६८ वर्षांच्या एक बाई आहेत. बीएमआय २३, म्हणजे फार जाड नाहीत, फार बारीक नाहीत. मधुमेह आहे. गेल्या वर्षभरात जमिनीवरून उठताना आधार लागतो. घरचे म्हणतात, वयच झालं. वजन बदललेलं नाही, म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. पण वजन तेच राहून स्नायूंची जागा चरबीने घेतलेली असू शकते. आणि जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूच करतात, म्हणजे मधुमेहाशीही याचा थेट संबंध आहे. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही. मुठीची ताकद आणि खुर्चीवरून उठायला लागणारा वेळ यांत दिसू शकतं.

देवनारचा धडा: डेटा काय सांगू शकतो

खारघरहून हार्बर लाइनने गोवंडीला उतरलं की देवनारची आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, जवळच आहे. भारतातल्या वयस्करांचा सगळ्यात मोठा अभ्यास 'लासी' इथून चालतो. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, ४५ आणि त्यावरच्या वयाचे ७२,००० हून जास्त लोक त्यात होते. प्रश्नावलीसोबत मुठीची ताकद मोजली गेली आणि चालण्याचा वेगही.

मुठीची ताकद डायनॅमोमीटरवर मोजतात. दांडा जोर लावून दाबायचा, किलोमध्ये आकडा येतो. एवढीशी चाचणी, पण तिचं वजन मोठं आहे. १७ देशांतल्या जवळपास १,४०,००० लोकांच्या 'प्युअर' अभ्यासात (भारतही त्यात होता) मुठीची ताकद दर ५ किलोने कमी, तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. लक्षात ठेवा, हा सहसंबंध आहे. मुठीचे व्यायाम करून आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. मूठ ही इथे सगळ्या शरीराच्या स्थितीची खूण आहे.

आता नीट बघा. लासीमध्ये ताकद आहे, काम आहे, पण स्नायूंचं वस्तुमान डेक्सा स्कॅनसारख्या यंत्राने मोजलेलं नाही. इतक्या मोठ्या घरोघरच्या सर्वेक्षणात ते शक्यही नव्हतं. तरीही लासीवरून सारकोपेनियाचं प्रमाण सांगणारे पेपर निघाले आहेत. त्यातले काही स्नायूंचं वस्तुमान वजन, उंची, वय आणि लिंग यांच्या सूत्रातून काढतात. अशा सूत्रांपैकी ली आणि सहकाऱ्यांचं २०००चं सूत्र खूप वापरलं जातं. त्यात वयाच्या प्रत्येक वर्षामागे ०.०९८ किलो वजा होतात. म्हणजे वजन आणि उंची तीच ठेवून वय ५० चं ७० केलं, तर सूत्र आपोआप १.९६ किलो स्नायू कमी दाखवणार!

मग त्या आकड्यांवरून 'वयानुसार स्नायू घटतात' असं सिद्ध केलं, तर ते आपणच आत ठेवलेलं बाहेर काढल्यासारखं झालं. सूत्र वाईट आहे असं नाही, ढोबळ अंदाजाला ते उपयोगी आहे. पण वयाचा परिणाम शोधायला वय आत असलेलं सूत्र चालत नाही. पेपर वाचताना 'मेथड्स'मध्ये स्नायू कसे मोजले ही ओळ आधी शोधा.

डेक्सा असेल तरी सावध राहा. डेक्सा चरबी आणि हाडं सोडून उरलेलं सगळं 'लीन मास' म्हणून देतो. त्यात पाणी आणि इतर ऊतीही येतात. पायाला सूज असेल तर आकडा फुगतो.

दुसरी अडचण काळाची. लासीची पहिली फेरी हा एका वेळचा फोटो आहे. त्यातले ४५ वर्षांचे लोक १९७२-७३ च्या आसपास जन्मलेले, तर ७५ वर्षांचे १९४२-४३ च्या आसपास. दोघांच्या ताकदीतला फरक हा ३० वर्षांच्या वाढत्या वयाचा, की वेगळ्या काळात गेलेल्या बालपणाचा? महाराष्ट्रात १९७२ म्हटलं की दुष्काळ आठवतो, म्हणजे धाकट्या पिढीचंही बालपण सगळीकडे सुखाचं होतं असं नाही. शिवाय ७५ पर्यंत जे जगले तेच मोजले गेले, सगळ्यात अशक्त लोक आधीच यादीतून गेलेले. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा मोजलं, तरच घट खऱ्या अर्थाने कळते.

कट-ऑफ कोणाचा?

युरोपीय गटाप्रमाणे मुठीची ताकद पुरुषांत २७ किलो आणि स्त्रियांत १६ किलोच्या खाली असेल तर ती कमी. आशियाई गटाने २०१९ मध्ये ही रेषा २८ आणि १८ वर ठेवली. म्हणजे १७ किलो ताकदीच्या बाई युरोपात ठीक आणि आशियात कमजोर!

युरोपचे आकडे ब्रिटिश तरुणांच्या सरासरीवरून आले आहेत. चंडीगडच्या पीजीआयमधल्या संशोधकांनी तिथल्या निरोगी तरुणांवरून स्थानिक मर्यादा काढल्या. मुठीच्या ताकदीची मर्यादा आशियाई आकड्यांच्या जवळ आली, स्नायूंच्या वस्तुमानाची मात्र स्पष्टपणे खाली आली. पुण्याच्या 'थिन-फॅट' गोष्टीशी हे जुळतं.

आता खरा पेच. परदेशी मर्यादा वापरली तर निरोगी भारतीयांनाही आजारी ठरवण्याचा धोका आहे. स्थानिक मर्यादा वापरली तर पिढ्यान्पिढ्यांच्या कुपोषणाने आलेली तूटच 'नॉर्मल' ठरण्याचा धोका आहे. यावर माझं मत असं, की मर्यादा सरासरीवरून न ठरवता परिणामांवरून ठरवावी: किती ताकदीच्या खाली आपल्याकडची माणसं पडू लागतात, परावलंबी होतात? यासाठी दीर्घकालीन भारतीय डेटा लागेल. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

काम म्हणजे नक्की काय?

चाचण्यांमध्ये 'काम' म्हणजे सहसा चालण्याचा वेग आणि खुर्चीवरून ५ वेळा उठणं. चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी असेल तर युरोपीय व्याख्येत तो कमी. आशियाई गटात ही रेषा १ मीटर आहे. समजा, एखादा रस्ता २४ मीटर रुंद आहे. सेकंदाला १.२ मीटर चालणारा तो २० सेकंदांत ओलांडेल, ०.८ मीटरवाल्याला ३० सेकंद लागतील. सिग्नल २५ सेकंदांचा असेल, तर हा १० सेकंदांचा फरक म्हणजे रस्त्याच्या मधोमध अडकणं.

ताकद आणि काम यांचं नातंही सरळ रेघेचं नाही. भरपूर ताकद असणाऱ्याची थोडी कमी झाली, तर चालण्यात काही फरक दिसत नाही, शिल्लक असते. एका मर्यादेखाली गेल्यावर मात्र थोडीशी घटही माणसाला घरात बसवते. आणि ही मर्यादा कामानुसार बदलते. खुर्चीवरून उठण्यापेक्षा जमिनीवर मांडी घालून बसून उठायला, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठायला किंवा लोकलच्या उंच पायरीवर चढायला जास्त ताकद आणि तोल लागतो. आपल्या लोकांचं काम मोजायचं तर फक्त खुर्ची पुरेल का, हाही अभ्यासाचा प्रश्न आहे.

परत मिळवता येतं का?

येतं, आणि तीन गोष्टी वेगळ्या असल्याचा सगळ्यात चांगला पुरावा इथेच आहे. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांच्या गटाने १९९० मध्ये नव्वदीतल्या १० अशक्त लोकांकडून ८ आठवडे पायाचे वजनी व्यायाम करून घेतले. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूंचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी. सॅम्पल छोटं होतं. म्हणून १९९४ मध्ये त्यांनी वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर यादृच्छिक चाचणी घेतली. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी आणि मांडीच्या स्नायूंचं क्षेत्रफळ फक्त २.७ टक्क्यांनी.

हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. कोणी फक्त स्नायूंचं क्षेत्रफळ मोजलं असतं, तर 'विशेष फरक नाही' असं लिहून मोकळा झाला असता. प्रत्यक्षात ताकद दुपटीहून जास्त झाली होती. कारण सुरुवातीचा बराचसा फायदा चेतासंस्था असलेले तंतू नीट कामाला लावू लागते म्हणून होतो, आकार मागाहून वाढतो. उलट, फक्त ताकद मोजली असती तर लोक दुप्पट वेगाने चालू लागले असा समज झाला असता, तोही चुकीचाच.

घरच्यांसाठी यातून निघणारी गोष्ट अशी: सकाळचं चालणं चांगलंच, पण ताकद टिकवायला स्नायूंवर भार येणारे व्यायामही हवेत. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा पूर्वीचं फ्रॅक्चर असेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून. प्रथिनांबाबत, आयसीएमआर-एनआयएनची २०२०ची शिफारस प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. निरोगी वयस्करांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे स्वतःहून वाढवू नये.

प्रपोजल लिहिताना

या विषयावर लिहिणार असाल, तर पहिल्या पानावर या चार प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात लिहा:

१. मला वस्तुमान, ताकद आणि काम यांपैकी नक्की कशाबद्दल बोलायचं आहे?
२. तेच मी थेट मोजतोय, की सूत्रातून अंदाज काढतोय? त्या सूत्रात वय आहे का?
३. माझा डेटा एका वेळचा आहे की त्याच माणसांचा पुन्हा घेतलेला? एका वेळचा असेल तर 'घटते' असं न लिहिता 'जास्त वयाच्या गटात कमी आढळते' असं लिहायचं.
४. माझा कट-ऑफ कोणत्या लोकांवरून आला आणि तो माझ्या लोकांना का लागू पडतो?

'तुम्ही मोजणार काय?' या प्रश्नाचं उत्तर या चार वाक्यांतच आहे. तिसऱ्या प्रश्नावर अडलात तर कमेंटमध्ये तुमचं स्टडी डिझाइन लिहा, आपण तिथेच बोलू.